कल्पित विमान

गेल्या वैशाखांत मुंबईचे आमचे पुतणे आंब्यांच्या दिवसांत सहकुटुंब घरीं आले, तेव्हां आमच्या चौदा वर्षांच्या नातवासाठीं त्यांनीं पुठ्ठ्याचा एक खोका आणला होता. खोक्यावर तांबड्या रंगाच्या एका सुबक विमानाचें चित्र होतें. उघडून पाहावें तों आंत विमान कोठेंच नाहीं ! प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले नखाएवढ्यापासून बोटाएवढ्यापर्यंतचे तुकडे, घडी घातलेलें एक माहितीपत्रक, आणि पाण्यांत भिजवून चिकटवावयाच्या रंगीत खुणांचा एक कागद, एवढाच काय तो ऐवज. माजघरांत जमलेल्या मंडळींपैकीं कोणीतरी म्हणालें, "पैसे देऊन मोडकें विमान आणलेंत कीं हो !" आणि एकच हंशा पिकला.

आम्हांसही ती वस्तु नवीनच होती. आमचा जन्म मुलांकडून शब्दरूपें आणि समास घोकून घेण्यांत गेलेला. विमान म्हटलें कीं आम्हांस रघुवंशाचा तेरावा सर्ग आठवावयाचा; पुष्पकांत बसून लंकेहून अयोध्येस निघालेला राम सीतेस खालचा समुद्र दाखवितो, तो. परंतु पुढल्या चार महिन्यांत त्या खोक्यानें आमच्या घरांत जें घडविलें, तें वाचकांपुढें मांडण्यासारखें वाटतें. त्यांत मुलाच्या खेळाबरोबर आमचाही एक जुना हिशेब निघाला.

खोक्यांतील चिलट

हें विमान 'नॅट' जातीचें. नॅट म्हणजे चिलट. लढाऊ विमानें दिवसेंदिवस अवजड आणि महाग होत चाललीं आहेत हें पाहून पेटर नांवाच्या इंग्रज अभियंत्यानें मुद्दाम लहान व हलकें असें हें विमान आंखलें, आणि १९५५ सालीं तें प्रथम उडालें. पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत तें अवघें सुमारें २२ फूट. आमची पडवी याहून लांब आहे. १९५६ सालीं भारतानें तें बांधण्याचा परवाना घेतला, आणि बंगळूरच्या हिंदुस्थान विमान कारखान्यांत तें तयार होऊं लागलें. १९६५ च्या युद्धांत या चिलटानें मोठ्या सेबर विमानांना सळो कीं पळो केलें. १४ डिसेंबर १९७१ रोजीं श्रीनगरवर सहा सेबर विमानें चालून आलीं असतां फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनीं नॅटमधूनच त्यांच्याशीं झुंज देत देह ठेवला. आपल्या वायुदलाला मिळालेलें एकमेव परमवीरचक्र तें त्यांचेंच.

परंतु खोक्यांतील नॅट जरा निराळें होतें. तें दोन आसनांचें, एकामागें एक बसावयाचें, शिकाऊ वैमानिकांसाठीं केलेलें. ही जात इंग्लंडांत १९५९ सालीं प्रथम उडाली. ब्रिटिश वायुदलाचें 'रेड ॲरोज्' नांवाचें कसरती पथक १९६५ पासून १९७९ पर्यंत हींच विमानें उडवीत असे, म्हणून चित्रांतला तो तांबडा रंग. भारतानें ही दोन आसनी जात कधीं घेतली नाहीं.

प्रतिकृतीचें प्रमाण एकास बहात्तर, म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट तेथें येथें एक इंच. हें प्रमाण जुनें आहे. १९३६ सालीं इंग्लंडांत 'फ्रॉग' या कारखान्यानें प्लॅस्टिकचे असे संच विकावयास काढले, ते याच प्रमाणाचे होते. १९४२ सालीं अमेरिकेच्या नौदलानें तेथील शाळांतल्या मुलांकडून याच प्रमाणांत लांकडाचीं पांच लक्ष विमानें करून मागितलीं. हेतु हा कीं, आपलें विमान कोणतें आणि शत्रूचें कोणतें हें सैनिकांस नुसत्या आकृतीवरून ओळखतां यावें. पस्तीस फुटांवर धरलेली अशी प्रतिकृति सुमारें अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. तेव्हां हा धंदा केवळ रिकामपणचा नव्हे, इतकें आम्हीं तेव्हांच मान्य केलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नातू पडवींत सर्व तुकडे मांडून बसला. आम्हीं माहितीपत्रक हातांत घेऊन म्हटलें, "चल, पहिला आंकडा कोणता तो पाहूं."

"आजोबा, मी पत्रकाप्रमाणें नाहीं करणार. मी हें आपल्या नौदलाचें विमान करणार आहे."

"आपल्या नौदलाकडे हें विमान होतें कीं काय ?"

"नव्हतें. म्हणूनच तर करायचें !"

आम्ही चमकलों. जें झालें नाहीं तें झालें म्हणून दाखविणें यास आमच्या भाषेंत एकच शब्द आहे, आणि तो फारसा चांगला नाहीं. परंतु पोरानें समजावून सांगितलें तें ऐकण्यासारखें होतें. प्रतिकृति करणाऱ्यांत एक पंथच असा आहे कीं, जो विकतच्या संचांत फेरफार करून कधीं न झालेलें, परंतु होऊं शकलें असतें, असें विमान घडवितो. या पंथाचा नियम एवढाच कीं, त्यामागची हकीकत टिकली पाहिजे. त्याची हकीकत अशी : १९६१ च्या मार्चांत 'विक्रांत' ही विमानवाहू नौका आपल्या नौदलांत दाखल झाली. तिच्यावरचीं लढाऊ विमानें 'सी हॉक' जातीचीं, एका आसनाचीं. सी हॉकला दोन आसनांची जात कधीं निघालीच नाहीं. सुमारें ७०० फूट लांबीच्या हलत्या जहाजावर विमान उतरविणें ही जगांतल्या अवघड विद्यांपैकीं एक. ती शिकवितांना गुरु पाठीशीं बसलेला असावा असें कोणास वाटणार नाहीं? आणि त्याच वेळीं बंगळुरास नॅट बांधलें जात होतें. मग नौदलानें दोन आसनी नॅट मागितलें असतें तर ?

गुरु मागें बसलेला असावा, या युक्तिवादापुढें आम्ही मास्तर काय बोलणार ?

प्रकृति आणि विकृति

त्या रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या आम्हांस आमचें जुनें शास्त्र आठवलें. मीमांसकांनीं यज्ञांचे दोन प्रकार मानिले आहेत. ज्याचीं सर्व अंगें वेदांनीं सांगितलीं आहेत ती प्रकृति. ज्याचीं कांहींच सांगितलीं असून बाकीचीं प्रकृतीवरून आणावयाचीं असतात ती विकृति. दर्शपूर्णमास ही सर्व इष्टींची प्रकृति होय. एकीकडचें दुसरीकडे आणण्यास अतिदेश म्हणतात. आणतांना सर्व जसेंच्या तसें चालत नाहीं. अग्नीस उद्देशून असलेला मंत्र सूर्याच्या इष्टींत म्हणावयाचा तर अग्नीच्या जागीं सूर्याचें नांव घालावें लागतें. या फेरबदलास ऊह म्हणतात. आणि ज्याचें प्रयोजनच उरत नाहीं तें गाळावें, तो बाध. तांदुळाऐवजीं सोन्याच्या कणांचा चरु करावयाचा असेल तर कांडण्याचें कारण नाहीं. सोन्याला कोंडा कोठला? जैमिनींनीं नववा अध्याय ऊहासाठीं आणि दहावा बाधासाठीं खर्ची घातला आहे, यावरून हा विषय किती नाजूक आहे तें दिसून येईल.

सकाळीं आम्हीं नातवास हें सांगितलें. खोका ही प्रकृति, तुझें नौदलाचें विमान ही विकृति. एक अंग बदललेंस कीं त्याच्याशीं बांधलेलीं दुसरीं अंगें बदलतात कीं नाहीं तें पाहावें लागेल. आणि जें बदलण्याचें कारण नाहीं, तें केवळ शोभेसाठीं बदलतां येणार नाहीं. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही नियम आणखी कडक केलेत !" परंतु त्यास तें आवडलें असावें, कारण वहीच्या कोऱ्या पानावर त्यानें 'अतिदेश, ऊह, बाध' असे तीन रकाने आंखले.

पहिला ऊह शेपटीखालचा आकडा. जहाजाच्या पाठीवर आडव्या तारा ताणलेल्या असतात. उतरणाऱ्या विमानाचा आकडा त्यांपैकीं एकींत अडकतो आणि विमान जागच्या जागीं रोखलें जातें. नातवानें कागदांची क्लिप वांकवून सुरेख आकडा केला. आम्हीं विचारलें, "धांवत्या बैलास शेपटी धरून एकदम थांबविलें तर काय होईल ?" तो हंसला, आणि मग गंभीर झाला. तो सारा हिसका विमानाच्या सांगाड्यानें सोसला पाहिजे. म्हणून आकड्यापासून पोटाखालून पुढें जाणारी एक जाड पट्टी त्यास बसवावी लागली. पट्टी आली म्हणजे वजन आलें. वजन वाढलें म्हणजे उतरण्याचा वेग वाढला. वेग वाढला म्हणजे हिसका आणखी वाढला. वहींतला ऊहाचा रकाना भराभर भरूं लागला.

दुसरा ऊह चाकांच्या पायांचा. जमिनीवर विमान अलगद टेकवितां येतें. जहाजावर तें जवळ जवळ आदळावेंच लागतें. म्हणून पाय लांब आणि भक्कम हवेत. परंतु नॅटचे पाय मिटून पोटांतच जातात, आणि त्यांचीं झांकणें अर्धवट उघडून हवेंत तोच लगाम म्हणून वापरतात, अशी पेटरसाहेबांची काटकसरीची योजना. पाय लांबवावे तर पोटांत मावत नाहींत. झांकणें मोठीं करावीं तर लगामाचा हिशेब चुकतो. या पेंचांत मुलाचे आठ दिवस गेले. शेवटीं मिटतांना स्वतःशींच आखडणारा पाय त्यानें कागदावर काढला, आणि तारेचा व चौकटीच्या उरलेल्या काडीचा तसा पाय केला. तो पाय खरोखर आखडत नाहीं. परंतु कोणीं विचारल्यास कसा आखडेल तें त्यास सांगतां येतें.

करवत आधीं, विचार मागाहून

तिसरी गोष्ट मिटत्या पंखांची, आणि येथें अपघात झाला. जहाजावरचीं विमानें पंख मिटून उभीं असलेलीं त्यानें चित्रांत पाहिलीं होतीं, आणि तें दृश्य त्याच्या मनांत भरलें होतें. एके दुपारीं आम्ही वामकुक्षी करीत असतां त्यानें बारीक करवतीनें उजवा पंख मधोमध कापला. उठून पाहतों तों एका हातांत विमान आणि एका हातांत पंखाचा तुकडा !

आम्हीं रागावलों नाहीं. फक्त मोजावयास सांगितलें. सी हॉकचे पंख टोकापासून टोकापर्यंत ३९ फूट. ते मिटल्याशिवाय जहाजाच्या पोटांत नेणें कठीण. शिकाऊ नॅट २४ फूट; या प्रतिकृतींत बरोबर चार इंच. जें न मिटतांच मावतें त्यास बिजागरें, कड्या आणि त्यांचें वजन कशासाठीं ? सोन्यास कोंडा नाहीं, मग कांडण कशाला ? पोराच्या डोळ्यांत पाणी आलें. खरें सांगावयाचें तर मिटलेले पंख दिसले असते फार छान. तो कांहीं न बोलतां उठून गेला आणि दोन दिवस त्यानें विमानाकडे पाहिलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं वही उघडून बाधाच्या रकान्यांत त्यानें स्वतःच्या हातानें 'मिटते पंख' असें लिहिलें. त्या दिवशीं तो आमच्या मतें प्रतिकृति करावयास शिकला.

आतां कापलेला पंख सांधणें आलें. या प्लॅस्टिकचा डिंक आपल्या डिंकासारखा नव्हे. तो दोन्ही कडा विरघळवितो आणि त्या एकजीव होतात. म्हणून तो थोडाच लावावा, आणि उघड्या पडवींत लावावा, कारण त्याचा वास डोक्यांत जातो. नॅटचे पंख टोकांकडे किंचित् खालीं झुकलेले असतात; सांधतांना तोच झोंक साधला पाहिजे. टांचणीचा तुकडा आंतून खुंटीसारखा घालून, एका बाजूस आपट्यांचा संस्कृत कोश आणि दुसऱ्या बाजूस पोथ्या रचून, पंख रात्रभर तसाच ठेवला. फटींत लांबी भरली, आणि ओल्या काचकागदानें घांसघांसून सांधा नाहींसा केला. आज बोट फिरविलें तरी तो लागत नाहीं. परंतु उजेडाशीं धरल्यास दिसतो, आणि नातू तो पाहुण्यांना आपण होऊन दाखवितो.

अशा विमानाचें नाक जड नसेल तर तें शेपटीवर बसतें. त्यासाठीं मिरकरवाड्याहून जाळ्यांना लावावयाच्या शिशाच्या गोळ्या आणल्या. चौकटीची काडी आंचेवर तापवून ताणली म्हणजे केसासारखा तंतु निघतो, तो विमानावरच्या तारेसाठीं कामास येतो. त्यासाठीं पोर देवघरांतील समईकडे वळलें तेव्हां मात्र सौ.नें त्यास हटकलें, "देवाच्या समईवर प्लॅस्टिक जाळायचें नाहीं हो !" आणि एक मेणबत्ती काढून दिली. रंग देण्याची वेळ आली तों आषाढ लागला. रत्नागिरीच्या पावसाळ्यांत पापडसुद्धां कडक राहत नाहीं, तेथें रंग कसा वाळावा ? पहिला हात दिला त्यावर सकाळीं पांढरट साय आलेली. तो खरवडून, विजेचा दिवा लावलेल्या लांकडी पेटींत विमान ठेवून, पुन्हां रंगविलें : वरून गडद करडा, खालून फिकट हिरवट, जसा सी हॉकला असे. पंखांवरचीं वर्तुळें, बाहेर केशरी, मध्यें पांढरें, आंत हिरवें, आमच्या धाकट्या नातीनें कंपासानें काढून रंगविलीं. रांगोळीच्या ठिपक्यांवर बसलेला हात तेथें उपयोगी पडला.

थोरांचें तेंच काम

हा सगळा खटाटोप पोरकट वाटेल, तर थोरांनीं जन्मभर तेंच केलें आहे हें ध्यानांत घ्यावें. कोल्हापूर जिल्ह्यांतील गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू गांवचे विष्णु माधव घाटगे यांचें नांव आज किती मराठी घरांत माहीत असेल ? जर्मनींत गॉटिंगेन येथें प्रांट्ल यांच्यासारख्या जगन्मान्य पंडिताच्या हाताखालीं ते विमानविद्या शिकले, आणि बंगळूरच्या कारखान्यांत त्यांनीं भारतीय विमानांची परंपरा सुरू केली. त्यांचें 'एचटी-२' हें शिकाऊ विमान १९५१ सालीं उडालें. १९५८ सालीं 'पुष्पक' उडालें, दोन आसनांचें, ९० अश्वशक्तीचें, अमेरिकेंतील एरॉन्का चीफ या विमानाच्या धर्तीवरचें. आणि त्या पुष्पकावरूनच दुसऱ्या वर्षीं 'कृषक' निघालें. अधिक माणसें बसावीं म्हणून अंग मोठें केलें. अंग मोठें केलें म्हणून बळकट एंजिन आलें. सैन्यासाठीं तें पुढें बांधलें गेलें तेव्हां त्याची शक्ति २२५ अश्वांची होती. हाच अतिदेश, हाच ऊह. घाटग्यांस १९६५ सालीं पद्मश्री मिळाली.

नॅटचीही पुढें खरीखुरी विकृति झाली. तिचें नांव 'अजित'. १९७५ सालीं तें प्रथम उडालें. नॅटचें जादा इंधन पंखांखालीं टांगलेल्या टाक्यांत असे, आणि त्यामुळें शस्त्रें टांगावयास जागा उरत नसे. अजितांत इंधन पंखांच्या पोटांतच भरण्याची सोय केली आणि टांगण्याच्या जागा मोकळ्या झाल्या. एक लहानसा बदल, परंतु त्यानें विमानाचें काम बदललें.

आणि जेथें ऊह अडला तेंही मुलांना सांगितलें पाहिजे. कुर्ट टांक या जर्मन अभियंत्याच्या नेतृत्वाखालीं बंगळुरास 'मारुत' नांवाचें लढाऊ विमान आंखण्यांत आलें. सुरंजन दास यांनीं तें जून १९६१ मध्यें प्रथम उडविलें. त्याची आकृति ध्वनीच्या वेगापलीकडे जावयाची होती. परंतु ज्या जोरदार एंजिनावर भिस्त ठेवून ती आंखली, तें इंग्लंडांत उत्पादनापर्यंत पोहोंचलेंच नाहीं. शेवटीं नॅटच्याच कुळांतलीं, कमी जोराचीं दोन एंजिनें घालून काम भागवावें लागलें. जोर वाढविण्याचे प्रयत्न झाले. मिसर देशांत तयार होत असलेलें एंजिनही बसवून पाहिलें. अशाच एका सुधारलेल्या मारुताची चांचणी घेतांना १० जानेवारी १९७० रोजीं सुरंजन दास अपघातांत गेले. १४७ मारुत बांधले गेले, १९७१ च्या युद्धांत लोंगेवालाच्या वाळवंटांत त्यांनीं कामगिरीही केली. पण मनांतला वेग त्यांना गांठतां आला नाहीं. मनांतलें एंजिन घालून प्रतिकृति पुरी होते, विमान पुरें होत नाहीं. आमचा नातू ही हकीकत ऐकून बराच वेळ आपल्या विमानाच्या शेपटीकडे पाहत राहिला.

पुठ्ठ्याची पाटी

गणपति आले. दर्शनास येणारी मंडळी पाहतील म्हणून नातवानें ओटीवरच्या मेजावर विमान मांडलें, आणि खालीं पुठ्ठ्याची एक पाटी ठेविली : 'नॅट, भारतीय नौदल, १९६४.' ऋषिपंचमीच्या दिवशीं एक परिचित गृहस्थ आले. विमानाकडे पाहून त्यांचा चेहरा उजळला. "अरे ! हें तर आम्हीं विक्रांतवर पाहिलें आहे. मुंबईस तिचें संग्रहालय होतें ना, त्या वेळीं. ह्याच रंगाचें." २००१ पासून २०१२ पर्यंत ती नौका मुंबईस संग्रहालय म्हणून होती हें खरें, परंतु त्यांनीं पाहिलें असेल तें सी हॉक. ते मोठ्या विश्वासानें बोलत होते, आणि त्यांच्या बोलण्यांत लबाडी मुळींच नव्हती.

ते गेल्यावर नातू टाळ्या पिटूं लागला. "आजोबा, इतकें खरें वाटलें त्यांना !"

आम्हीं त्यास जवळ बसवून मीमांसेंतला उरलेला भाग सांगितला. ऊह करून जो पाठ सिद्ध होतो तो यज्ञांत चालतो, त्यानें कार्य होतें. परंतु त्यास 'मंत्र' म्हणत नाहींत. जें वेदांत जसें पठित आहे तेंच मंत्र. आपण बदललेला शब्द कितीही योग्य असला तरी त्यास मूळाचें नांव द्यावयाचें नाहीं, असा जैमिनींचा निर्णय आहे. "तेव्हां तुझ्या पाटीवर एक शब्द कमी आहे," आम्हीं म्हटलें. "तो नसेल तर तुझ्या चार महिन्यांच्या मेहनतीनें एका भल्या माणसाच्या आठवणींत खोटें घातलें असें होईल."

त्यानें मान डोलविली. मग अगदीं सहज, कोणतीही खोंच न ठेवतां, विचारलें, "मग तळपद्यांच्या विमानाचें काय, आजोबा ?"

वाचकहो, येथें आम्हांस आमचीच पाटी पुसावी लागली. शिवकर बापूजी तळपदे यांनीं १८९५ सालीं गिरगांवच्या चौपाटीवर 'मरुत्सखा' नांवाचें विमान वेदांच्या आधारें उडविलें, राइट बंधूंच्या आठ वर्षें आधीं, ही कथा आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें सांगितली. सांगतांना आमचा कंठ दाटून येई आणि मुलांचे डोळे चमकत. तळपदे हे खरे गृहस्थ होऊन गेले. विमानाचा त्यांचा ध्यासही खरा. परंतु त्या उड्डाणाचा त्या काळचा विश्वसनीय पुरावा उपलब्ध नाहीं. या कथेबरोबर ज्या 'वैमानिक शास्त्रा'चें नांव घेतात, तो भरद्वाजांच्या नांवावरचा ग्रंथ सुब्बराय शास्त्री यांनीं १९१८ ते १९२३ या काळांत सांगितला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच अभ्यासकांनीं १९७४ सालीं त्याची कसून परीक्षा केली. ग्रंथ १९०४ च्या पूर्वींचा नसावा, आणि त्यांत वर्णिलेलीं विमानें उडूं शकणार नाहींत, असा त्यांचा निष्कर्ष. त्या ग्रंथाची भाषा वैदिक नाहीं, सोपी अर्वाचीन संस्कृत आहे, हेंही त्यांनीं दाखविलें. ही शेवटची गोष्ट तर आमच्यासारख्या संस्कृत शिकविणाराच्या पहिल्या पानावरच ध्यानांत यावयास हवी होती. आली नाहीं असें म्हणवत नाहीं. आम्हीं ती ध्यानांत घेतली नाहीं.

पूर्वजांच्या थोरवीस याची गरजही नव्हती. कालिदासानें पुष्पकांतून समुद्र दाखविला तो काव्य म्हणून. त्यांत कोणाची फसवणूक नाहीं. भोजराजानें समरांगणसूत्रधारांत पाऱ्याच्या शक्तीनें उडणाऱ्या लांकडी पक्ष्याचें वर्णन केलें आणि यंत्रांची घडण गुप्ततेसाठीं सांगत नाहीं असें स्वच्छ लिहिलें. घाटग्यांच्या कारखान्यानें खऱ्या विमानास 'पुष्पक' हें नांव दिलें, त्यांतही नांव जुनें आणि विमान नवें हें सर्वांस ठाऊक होतें. कल्पना कोठें संपते आणि वस्तु कोठें सुरू होते ती रेघ या तिन्ही ठिकाणीं शाबूत आहे. आम्हीं वर्गांत ती पुसली.

हें सर्व नातवाजवळ कबूल करणें सोपें होतें. अवघड प्रसंग दोन दिवसांनीं आला. आमचा एक जुना विद्यार्थी, आतां स्वतः शिक्षक, सपत्नीक दर्शनास आला. विमान पाहून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही सांगितलेली मरुत्सख्याची गोष्ट मी अजून दरवर्षीं माझ्या मुलांना सांगतों. तुमचें नांव घेऊन सांगतों." नातू मेजाशीं उभा होता. तो आमच्याकडे पाहत नव्हता. विमानाचें चाक पुसल्यासारखें करीत होता.

आम्हीं विद्यार्थ्यास खालीं बसविलें आणि जें वर लिहिलें तें सारें सांगितलें. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण गुरुजी, मुलांना ती गोष्ट फार आवडते."

"आवडूं दे. गोष्ट म्हणून सांग. आणि माझें नांव घेशील तेव्हां, गुरुजींनीं चूक दुरुस्त केली, हेंही सांग."

त्यानें नेहमींप्रमाणें वांकून नमस्कार केला. तो कांहीं नाराज होऊन गेला कीं काय, हें आम्हांस अद्याप समजलें नाहीं. पण त्या रात्रीं आम्हांस झोंप शांत लागली.

ज्या घरांत अशा खेळाची आवड असलेलीं मुलें आहेत, त्यांतील वडील मंडळींस दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. मूल कल्पना लढवूं लागलें कीं त्यास हटकूं नये. 'हें बदललें तर आणखी काय बदलेल?' एवढेंच विचारावें, आणि उत्तर वहींत लिहावयास लावावें. गणित, इतिहास आणि धीर हीं तिन्हीं त्यांतून आपोआप येतात. दुसरी गोष्ट पाटीची. वस्तु कितीही हुबेहूब साधो, ती काय आहे आणि काय नाहीं हें मुलानें स्वतःच्या अक्षरांत तिच्याखालीं लिहावें. हीच पाटी आपण मोठ्यांनीं आपल्या गोष्टींखालींही लावण्यास शिकलों तर मुलांना वेगळें शिकवावें लागणार नाहीं.

विमान आतां माजघरांतल्या कांचेच्या कपाटांत, आपट्यांच्या कोशाशेजारीं उभें आहे. तटरक्षक दलाचें एखादें खरें विमान आमच्या गांवावरून जाऊं लागलें कीं नातू पडवींत धांवतो, आणि परत येऊन कपाटांतल्या विमानाकडे एक नजर टाकतो. नवी पाटी त्यानेंच लिहिली आहे : 'दोन आसनी नॅट, नौदलासाठीं. कल्पित. असें विमान झालें नाहीं.' त्याखालीं, बारीक अक्षरांत, आम्हांस न विचारतां त्यानें एक ओळ वाढविली आहे : 'उजवा पंख एकदां चुकून कापला होता.'